मुद्रा नसलेला अभंग

आमच्या निपाणी-चिकोडीच्या पट्ट्यात आषाढी-कार्तिकीच नव्हे, साध्या वद्य एकादशीलाही देवळातले भजन चुकत नाही. दिवसभर तंबाखूच्या वखारीत किंवा उसाच्या फडात राबलेली माणसे हातपाय धुऊन येतात, पखवाजाला कणीक लागते, खुंटीवरचे टाळ खाली उतरतात आणि रूपाच्या अभंगाने भजन उभे राहते. रात्र चढली की तुकोबांची पाळी येते. अशा वेळी एखादा हौशी गायक ‘आधी बीज एकले’ उचलतो. बाकीचे धरकरी डोळे मिटून ते झेलतात, आणि गाणे संपले की ‘ज्ञानबा-तुकाराम’चा गजर होतो. मराठी बोलणारा जसा हे गाणे म्हणतो, तसाच घरात कन्नड बोलणारा त्याचा शेजारीही म्हणतो. दोघांचीही समजूत एकच असते, की हा तुकाराममहाराजांचा अभंग.

वस्तुस्थिती वेगळी आहे. तुकोबांचे वैकुंठगमन १६५० सालचे. हे गाणे त्यांच्यानंतर पावणेतीनशेहून अधिक वर्षांनी, पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीच्या ‘संत तुकाराम’ या बोलपटासाठी लिहिले गेले. ते लिहिणाऱ्या शांताराम आठवले यांनी तेव्हा नुकतीच पंचविशी ओलांडली होती. चाल केशवराव भोळे यांची होती. आणि ज्या आवाजाने ते घरोघर गेले तो आवाज विष्णुपंत पागनीस यांचा, म्हणजे आमच्या चिकोडीत जन्मलेल्या माणसाचा.

या तिघांची नावे गाण्यावरून कशी पुसली गेली आणि त्यांच्या जागी तुकोबांचे नाव कसे उमटले, याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. सीमाभागातल्या वाचकाला तर त्यात आपल्या घरचेही बरेच काही सापडेल.

नाममुद्रा आणि अंकित

संतकवी अभंगाच्या शेवटच्या चरणात आपले नाव गुंफतो. ‘तुका म्हणे’ आले की तुकोबा, ‘नामा म्हणे’ आले की नामदेव, ‘बापरखुमादेवीवरू’ आले की ज्ञानदेव, हे आमच्या भागातल्या निरक्षर म्हातारीलाही कळते. याला आपण नाममुद्रा म्हणतो. कन्नडात हिलाच ‘अंकित’ म्हणतात. पुरंदरदासांचे अंकित ‘पुरंदरविठ्ठल’, कनकदासांचे ‘कागिनेले आदिकेशव’, बसवण्णांचे ‘कूडलसंगमदेव’. मराठी संत बहुधा स्वतःचे नाव घालतो, तर कन्नड दास किंवा शरण आपल्या देवाचे नाव घालतो. काम मात्र एकच : ही ओळ कोणाच्या घरची, हे सांगणे. छापखाना नव्हता, तेव्हा कवीचा हक्क राखण्याचे दुसरे साधनच नव्हते.

आता वाचकांनी ‘आधी बीज एकले’ मनातल्या मनात शेवटपर्यंत म्हणून पाहावे. त्यात ‘तुका म्हणे’ कुठेही येत नाही. मुद्रा नाही, तेव्हा हा तुकोबांचा अभंग नव्हे असे व्याकरणाच्या शिक्षकाने लगेच सांगावे, इतकी ही सरळ खूण आहे. आठवल्यांनी तुकोबांच्या धाटणीचे लिहिले, पण तुकोबांची सही ठोकली नाही. अनुकरण केले, बनावट केली नाही. हा फरक लहान नाही. पुढे लोकांनी मात्र कवीने न केलेली सही आपल्या मनाने करून टाकली.

कागल, चिकोडी, कोल्हापूर

प्रभात फिल्म कंपनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात सुरू झाली. विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी हे तिचे पाच भागीदार. १९३३ मध्ये कंपनी पुण्याला गेली, पण तिची नाळ कोल्हापूरचीच राहिली. ‘संत तुकाराम’चे दिग्दर्शन दामले आणि फत्तेलाल या जोडीने केले. फत्तेलाल मूळचे कागलचे. निपाणीहून कोल्हापूरकडे निघाले की वाटेत लागते तेच हे कागल. साहेबमामा या नावाने ओळखला जाणारा कागलचा एक मुसलमान कलावंत तुकोबांचे देहू पडद्यावर उभे करतो आणि वारकऱ्यांना ते आपले वाटते, हे आज मुद्दाम सांगावेसे वाटते.

तुकारामाच्या भूमिकेसाठी निवड झाली विष्णुपंत पागनीसांची. जन्म १८९२, चिकोडी. तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता आणि चिकोडीचा पोरगा गळा घेऊन कोल्हापूरला जाणे म्हणजे नदीकाठच्या माणसाने नदीवर जाण्याइतके स्वाभाविक होते. पागनीस कोल्हापूरच्या स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत गेले आणि स्त्रीभूमिका करू लागले. याच मंडळीत केशवराव भोसले गात होते. त्यांनी पुढे १९०८ साली आपली ‘ललितकलादर्श’ काढली ती हुबळीत. त्या काळच्या मराठी नाटकाचा नकाशा काढायला बसलो तर पुणे-मुंबईइतकीच हुबळी, धारवाड, बेळगाव ही नावे लिहावी लागतात.

त्याआधीही हेच होते. १८४२ साली कन्नड भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले. ते पाहून सांगलीच्या राजेसाहेबांनी विष्णुदास भावे यांना तसे नाटक मराठीत रचायला सांगितले आणि १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ उभे राहिले. संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. मराठी रंगभूमी कन्नडच्या अंगणात खेळून मोठी झाली असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही. पागनीस हे याच अंगणातले.

पागनीसांच्या निवडीवर कंपनीत बरीच कुरकुर झाली. आयुष्यभर स्त्रीभूमिका केलेला नट, त्याच्या चालण्या-बोलण्यात लाडिक नजाकत मुरलेली. हा देहूचा वाणी कसा शोभणार, अशी शंका खुद्द शांतारामबापूंना होती. दामले-फत्तेलाल ठाम राहिले. चित्रीकरणापूर्वी पागनीस देहूला दर्शनाला जाऊन आले. ज्या मार्दवाची भीती होती तेच मार्दव तुकोबांच्या भोळ्या, निरागस भक्तीला असे काही शोभले, की पुढे दुसऱ्या तुकारामाची कल्पनाच कोणाला करता येईना.

पागनीस केवळ नट नव्हते, शिकलेले गायक होते. मुंबईत त्यांनी संगीत शिकवले. ‘वंदे मातरम्’ त्यांनी सारंग रागात बांधून गायले आणि त्याची ध्वनिमुद्रिकाही निघाली. म्हणजे ‘तुकाराम’च्या आधीच यंत्रापुढे कसे गावे हे त्यांना ठाऊक होते. याचा उपयोग कसा झाला ते पुढे पाहू.

आवाज रेघोट्यांत उतरतो

आजच्या मुलांना गाणे म्हणजे खिशातल्या फोनमध्ये असते. १९३६ साली ते काय होते हे थोडे समजून घ्यायला हवे.

‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट १९३१ चा. मराठीतला ‘अयोध्येचा राजा’ १९३२ चा, आणि तो प्रभातनेच कोल्हापुरात काढला. त्या वेळी ध्वनिमुद्रणाची बाजू विष्णुपंत दामल्यांनी स्वतः सांभाळली होती. म्हणजे ‘संत तुकाराम’च्या दोघा दिग्दर्शकांपैकी एक आवाजाचा जाणकार आणि दुसरा, फत्तेलाल, चित्राचा व नेपथ्याचा. असा जोड क्वचित जमतो.

ध्वनिमुद्रणाची रीत अशी होती. गायकाचा आवाज ध्वनिक्षेपकात शिरून विजेच्या लहरींत बदले. त्या लहरींनी प्रकाशाचा झोत कमीअधिक होई आणि हा झोत धावत्या फिल्मवर रेघोट्या उमटवी. म्हणजे आवाजाचा अक्षरशः फोटो निघे. चित्र आणि आवाज एकाच पट्टीवर शेजारी शेजारी असत. फिल्म सेकंदाला २४ चित्रे या वेगाने पळे, म्हणजे मिनिटाला ९० फूट. तीन मिनिटांचे गाणे म्हणजे २७० फूट फिल्म. शिवाय फिल्म धुऊन निघेपर्यंत गाणे कसे उतरले हे कोणालाच परत ऐकता येत नसे. एखादा टाळ जास्त वाजला किंवा कोणी खोकले, तर सगळे पुन्हा पहिल्यापासून. आज चुकलेला सूर यंत्रावर दुरुस्त करता येतो. तेव्हा तो पुन्हा गाण्यावाचून दुसरा उपाय नव्हता.

बोलपटाच्या सुरुवातीच्या वर्षांत नट कॅमेऱ्यापुढे उभा राहून गाई, आणि वादक सेटच्या आड किंवा चौकटीबाहेर बसून त्याला साथ करीत. आधी गाणे मुद्रित करून मग त्यावर ओठ हलवण्याची, म्हणजे पार्श्वगायनाची, पद्धत कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने १९३५ साली ‘धूपछाँव’मध्ये रूढ केली. ‘संत तुकाराम’ त्याच्या पुढच्याच वर्षीचा. मराठी पडद्यावर तेव्हा जो दिसे तोच गाई. म्हणून पागनीसांचा चेहरा आणि पागनीसांचा गळा एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत.

नाटकातल्या गायकाला यंत्रापुढे गाणे अवघड जाई. नाटकगृहात ध्वनिक्षेपक नसे. शेवटच्या रांगेतल्या पिटातल्या प्रेक्षकापर्यंत आवाज न्यायचा, वन्समोअर घ्यायचे, तानांची आतषबाजी करायची, एका पदाला अर्धा तास लावायचा, ही त्यांची सवय. ध्वनिक्षेपकाला हे चालत नाही. त्याला कुजबुजही ऐकू येते आणि ओरडणे त्याला सोसत नाही. पागनीसांनी आपला रंगभूमीवरचा गळा आवरता घेतला आणि घरात देवापुढे बसून गावे तसे गायले.

हा फरक ‘संत तुकाराम’च्या कर्त्यांनी मोठ्या हुशारीने कथेतच घालून दाखवला आहे. चित्रपटाच्या आरंभीच तुकोबा तल्लीन होऊन गातात आणि पाठोपाठ दांभिक सालोमालो तीच रचना देवळात ऐटीत गातो. तुकोबांचे गाणे साधे, सरळ, स्वतःशीच बोलल्यासारखे. सालोमालोचे नाटकी, मुरक्यांचे, लोकांना दाखवण्याचे. शब्द तेच, पण पहिल्या पाच-दहा मिनिटांत प्रेक्षकाला खरा कोण आणि खोटा कोण हे कानांनी कळते. भागवत या नटाने सालोमालो असा रंगवला आहे, की त्याचा रागही येतो आणि हसूही आवरत नाही.

संगीतकार केशवराव भोळे नाटक आणि शास्त्रीय संगीत यांचे चिकित्सक जाणकार. १९३३ च्या ‘नाट्यमन्वंतर’ चळवळीत ते होते, आणि नाटकातले गाणे प्रसंगाला धरून व आटोपशीर असावे असा त्यांचा आग्रह होता. पियानो, व्हायोलिन, हवायन गिटार ही वाद्ये चित्रपटात आणण्याची त्यांना हौस. परंतु तुकोबांच्या गाण्यात त्यांनी भजनी ठेका मोडू दिला नाही. भजनातला माणूस ऐकताच त्यात सामील होऊ शकेल अशी ती चाल आहे. टाळ वाजवणाऱ्याला तिचा ताल शोधावा लागत नाही. चित्रपटगृहातून गाणे सरळ देवळात गेले याचे निम्मे श्रेय या चालीला द्यावे लागेल. देवळात जे गाता येत नाही ते देवळात टिकत नाही.

गाथेत शोधाशोध

‘संत तुकाराम’ची कथा शिवराम वाशीकर यांची. गीतांत तुकोबांचे मूळ अभंग आहेतच, पण काही प्रसंगांना नेमके साजेल असे काही हवे होते. ते आठवल्यांनी लिहिले. त्यांच्या रचनेतला अस्सलपणा इतका होता, की ‘पांडुरंग ध्यानी’ हे गीत गाथेत कुठे आहे याचा चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वी एका अभ्यासकाने शोध घेतला आणि त्यांना ते सापडले नाही. सापडणार कसे? ‘आधी बीज एकले’ची गंमत तर याहून मोठी. खुद्द प्रभात कंपनीतल्या मंडळींनाही ते तुकोबांचेच वाटत होते. शेवटी एका नामवंत विद्वानाने हे तुकारामांचे नाही असा निर्वाळा दिला, तेव्हा आठवल्यांचे कर्तृत्व पक्के झाले.

ज्याला कवी व्हायचे आहे त्याने या प्रसंगाचा विचार करून पाहावा. आपली कविता इतकी चांगली उतरली आहे की ती आपली नाही असे लोकांना वाटते. हा गौरव समजायचा की अन्याय?

गाथेविषयी दोन शब्द सांगतो. तुकोबांची गाथा मुंबई सरकारच्या मदतीने १८६९ आणि १८७३ साली दोन भागांत छापली गेली. त्या आवृत्तीत साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत. इतका मोठा साठा असल्यावर सामान्य माणूस प्रत्येक अभंग पडताळत बसत नाही. एखादी ओळ तुकोबांसारखी वाटली की ती तुकोबांची, हा त्याचा साधा हिशेब. ‘आधी बीज एकले’ची मांडणीही तशीच आहे. एका बीजातून वृक्षाचा विस्तार, आणि त्या साऱ्या पसाऱ्यात अखेर एकच ब्रह्म. कुणब्याला शेतातले समजते, वेदांत्याला वेदांत सापडतो, आणि दोघांनाही ते आपल्या तुकोबाचे वाटते.

‘संत तुकाराम’ १२ डिसेंबर १९३६ रोजी मुंबईत लागला आणि तिथल्या सेंट्रल सिनेमात ५७ आठवडे चालला. १९३७ च्या व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. ज्या तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या, त्यांची कथा युरोपात जाऊन वाखाणली गेली.

तबकडीवरची नावे

गाणे चित्रपटगृहातून बाहेर पडते ते तबकडीवर बसून. मिनिटाला ७८ फेरे घेणारी ती काळी तबकडी, एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटे, आणि मध्ये गोल कागदी चिठ्ठी. या चिठ्ठीवर कोणाचे नाव यावे हा प्रश्न आपल्याकडे ध्वनिमुद्रणाइतकाच जुना आहे.

१९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचे गाणे मुद्रित झाले, तेव्हा शेवटी ती स्वतःचे नाव इंग्रजीत मोठ्याने सांगे. जर्मनीत तबकड्या काढणाऱ्यांना चिठ्ठीवर काय छापायचे ते कळावे म्हणून ही सोय. गाणाऱ्याने गाण्याच्या शेवटी आपले नाव घेणे म्हणजे एक प्रकारची नाममुद्राच झाली! आमच्या शेजारच्या हुबळीच्या गंगूबाई हनगल यांच्या १९३० च्या दशकातल्या सुरुवातीच्या तबकड्या ‘गांधारी’ या नावाने निघाल्या. घरची भाषा कन्नड असलेल्या या गायिकेने त्या काळात मराठी भावगीते गायली आणि ती महाराष्ट्रभर गाजली. पुढे १९४९ साली ‘महल’ चित्रपटाचे प्रसिद्ध गाणे निघाले तेव्हा पहिल्या तबकड्यांवर गायिका म्हणून ‘कामिनी’ असे छापले होते. कामिनी हे पडद्यावरच्या पात्राचे नाव. गाणारी होती लता मंगेशकर. श्रोत्यांनी आकाशवाणीकडे विचारणा सुरू केली तेव्हा खरे नाव बाहेर आले.

गायकाची ही गत, तर गीतकाराचे काय विचारता! तबकडी वाजवणारा गायकाचे नाव वाचतो, चित्रपट पाहणारा नटाचे लक्षात ठेवतो आणि गीत लिहिणारा वाऱ्यावर राहतो. ही उणीव भरून काढली ती आकाशवाणीने. धारवाड केंद्र १९५० साली सुरू झाले, सांगली १९६३ साली. आमच्या भागातल्या घरांत एकाच रेडिओवर सुई थोडी सरकवली की कन्नड वचन आणि आणखी थोडी सरकवली की मराठी भक्तिगीत. सांगली-पुण्याचे निवेदक गाणे लावण्यापूर्वी गीतकार, संगीतकार आणि गायक अशी तिन्ही नावे सांगत. माझ्या पिढीच्या कितीतरी मुलांना गाण्याला लिहिणारा असतो हे शाळेच्या पुस्तकातून कळण्याआधी या निवेदनातून कळले. निवेदक ‘गीत शांताराम आठवले’ असे म्हणे, आणि ते एक वाक्य म्हणजे त्या गाण्याची हरवलेली मुद्रा असे.

पण भजनी मंडळात निवेदक नसतो. तिथे गाणे एका तोंडातून दुसऱ्या कानात जाते. त्या वाटेवर आठवले गळून पडले, भोळे गळून पडले, पागनीस गळून पडले आणि तुकाराम तेवढे उरले.

चेहराही तुकोबांचा झाला

शब्दांचे जे झाले तेच पागनीसांच्या चेहऱ्याचे झाले. तुकोबांचे म्हणून घराघरांत जे चित्र लावले गेले ते कितीतरी ठिकाणी पागनीसांचेच होते. चिपळ्या, वीणा, डोईला पागोटे, मिटत आलेले डोळे. त्या चित्राला हार पडले, त्यापुढे निरांजन लागले. पागनीसांनी पुढे ‘संत तुलसीदास’ (१९३९) आणि ‘नरसी भगत’ (१९४०) केले, ते हिंदुस्थानभर गेले. तरीही स्वतः पागनीस अखेरपर्यंत तुकोबांच्या भूमिकेतून पुरते बाहेर आले नाहीत, त्यांची राहणीही तशीच झाली असे सांगतात. १९४३ साली त्यांचे निधन झाले.

तुकोबा इतर भाषांतही गेले. १९३८ साली तमिळमध्ये मुसिरी सुब्रमण्य अय्यर यांनी तुकाराम रंगवला. १९६३ साली कन्नडमध्ये राजकुमार यांनी ‘संत तुकाराम’ केला. त्यामुळे आमच्या भागात गंमत अशी, की एका घरात तुकाराम म्हटले की पागनीस डोळ्यांपुढे येतात आणि भिंतीपलीकडच्या घरात राजकुमार. दोन्ही घरे एकाच दिंडीतून पंढरपूरला जातात. विठोबाला ज्ञानदेवांनी कानडा म्हटले आणि कन्नड दासांनी त्याला आपल्या अंकितात बसवले. त्याला या दोन घरांत निवडानिवड करावी लागत नाही.

माणसांच्या बाबतीत मात्र निवडानिवड होते, आणि तिचा फटका पागनीसांना बसला आहे असे मला वाटते. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होऊन चिकोडी म्हैसूर राज्यात गेली. तोवर पागनीस जाऊन तेरा वर्षे झाली होती. मराठी चित्रपटाच्या इतिहासात त्यांच्या नावापुढे प्रभात, पुणे, मुंबई येते, चिकोडी मात्र येतेच असे नाही. इकडे त्यांचे काम मराठीतले, म्हणून कन्नड कलावंतांच्या यादीत त्यांना कोणी शोधत नाही. एका वर्षी आमच्या तालुक्यातल्या शाळांच्या वक्तृत्व स्पर्धेत मी परीक्षक होतो. ‘आपल्या मातीतले कलावंत’ असा विषय होता. कुमार गंधर्व आले, ते बेळगावजवळच्या सुळेभावीचे. भीमसेन जोशी आले, गंगूबाई आल्या. पागनीसांचे नाव एकाही मुलाने घेतले नाही. मुलांचा दोष नव्हता, त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. पाटीवरच्या नावासाठी किती भांडावे लागते हे सीमाभागातल्या माणसाला सांगायला नको. अशा मुलखाला आपल्या एका गायकाचे नाव ठाऊक नसावे, हे मात्र खटकते.

काय करावे?

हा सगळा इतिहास मी एकदा आमच्या गावच्या भजनी मंडळातल्या एका वृद्ध बुवांना सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “सर, चांगली माहिती दिलीत. पण तुकोबाचं नाही म्हणून आम्ही ते गायचं सोडायचं का?”

“अजिबात नाही,” मी म्हणालो. “गायचेच. फक्त कोणाचे ते सांगून गायचे.”

“मग गजर कोणाच्या नावाचा करायचा? आठवल्यांच्या?”

मंडळी हसली. मलाही हसू आले. पण बुवांचा प्रश्न वरवरचा नव्हता. भजनाला एक अखंडता असते. तिथे तळटीप देता येत नाही. शिवाय त्यांचे आणखी एक म्हणणे होते : ज्याने हे लिहिले त्याला हे तुकोबांच्या पायाशी ठेवायचे होते, ते तिथे पोचले, मग तक्रार कसली? मला हे म्हणणे पूर्णपणे खोडता येत नाही. लोकांनी आपल्या कवितेला संताची वाणी समजावे, याहून मोठा पुरस्कार कोणती अकादमी देणार?

तरीही माझे मत नाव सांगण्याच्याच बाजूचे आहे, आणि त्याला कारण ‘संत तुकाराम’ हा चित्रपटच आहे. त्यात सालोमालोचा अपराध कोणता? तुकोबांच्या रचना तो आपल्या म्हणून गातो. दुसऱ्याच्या शब्दावर आपली सही करतो. चित्रपट पाहणाऱ्या प्रत्येक प्रेक्षकाला त्याचा संताप येतो. मग आठवल्यांच्या शब्दावर आपण दुसऱ्याची सही केली, मग ती तुकोबांची का असेना, तर आपल्या हिशेबात चूक राहतेच. तुकोबांना उसन्या अभंगाची गरज नाही, त्यांचे साडेचार हजार आहेत. आठवल्यांची मात्र ही ओळख आहे. पुढे त्यांनी ‘कुंकू’, ‘गोपाळकृष्ण’, ‘संत ज्ञानेश्वर’ अशा चित्रपटांची गाणी लिहिली, ‘वहिनींच्या बांगड्या’सारखे चित्रपट दिग्दर्शित केले, प्रभातच्या दिवसांवर ‘प्रभातकाल’ हे पुस्तक लिहिले. इतके मोठे काम करणाऱ्या या कवीचे हे गाणेच त्यांच्या नावावर नसावे?

अशी नावे उलटसुलट झाली की एखाद्या मुलखाचा इतिहास हळूहळू दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतो. कुणी मुद्दाम काही पळवत नाही. सांगणारा थांबला की ते आपोआप होते. म्हणून सांगत राहायचे.

बुवांबरोबर शेवटी तडजोड झाली ती अशी. भजनात गाणे चालू असताना कोणी काही बोलायचे नाही. गजरही ‘ज्ञानबा-तुकाराम’चाच. पण भजन आटोपल्यावर, प्रसादाच्या वेळी, कोणीतरी एकाने नव्या पोरांना सांगायचे, की आज म्हटलेले ते गाणे शांताराम आठवल्यांचे, चाल केशवराव भोळ्यांची. आमच्या शाळेत तर मी नियमच केला आहे. स्नेहसंमेलनाच्या कार्यक्रमपत्रिकेत गाण्यासमोर फक्त गाणाऱ्या मुलाचे नाव छापत नाही. गीत, संगीत आणि मूळ गायक ही तिन्ही नावे येतात. मराठी गाणे असो की कन्नड, नियम एकच. पत्रिका थोडी लांबते, छापणारा कुरकुरतो, पण मुलांना सवय लागते.

गेल्या संमेलनात सातवीतल्या एका मुलीने ‘आधी बीज एकले’ म्हटले. तिच्या घरी कन्नड बोलतात. तिने पत्रिका वाचून मला विचारले, “सर, या पागनीसांच्या नावापुढे कंसात चिकोडी का लिहिलंय?” मी सांगितले, “ते तिथलेच होते म्हणून.” तिने मान डोलावली आणि म्हणाली, “माझी आजी पण चिकोडीचीच. तिला सांगते.”